मारायचं की हलवायचं? पक्ष्यांच्या जिवावर उठलेल्या बाहेरच्या प्राण्यांबद्दल निर्णय कसा घ्यायचा

माणसाने कधीतरी आणून सोडलेला एखादा प्राणी बेटावरच्या नाहीतर पाणथळीवरच्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खायला लागला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एक म्हणतात सरळ मारून टाका, दुसरे म्हणतात त्या मुक्या जिवाचा काय दोष, पकडून दुसरीकडे सोडा ना. दोघांचंही ऐकलं तर पटतं. प्राण्याचा दोष नसतोच, तो त्याचं पोट भरतोय. पण जमिनीवर घरटं करणाऱ्या त्या पक्ष्याचाही दोष नसतो, त्याच्या असंख्य पिढ्यांनी असा शिकारी कधी बघितलेलाच नसतो, त्यामुळे पळायचं कसं हेच त्याला माहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. मारायचं की हलवायचं हे नंतर, आधी हे बघा की तुम्ही काम शेवटपर्यंत नेऊ शकता का. अर्धवट मोहिमेइतकं क्रूर दुसरं काही नाही, दरवर्षी काही प्राणी मारायचे, उरलेल्यांना खायला आणि जागा जास्त मिळते म्हणून ते पुढच्या हंगामात भराभर वाढतात, पिल्लं जायची ती जातातच आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालू राहतं. हलवण्याचंही तेच, दहा हलवले आणि मागे वीस जन्मले तर त्या दहांना उगाच त्रास दिला. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने विचार करा.

खरंच तोच खातोय का, हे आधी बघा

नुसता संशय पुरत नाही. घरट्यात फुटलेली अंडी दिसली आणि जवळून मांजर गेलं म्हणजे मांजरानेच खाल्ली असं होत नाही. कवचाकडे नीट बघा. उंदीर-घुशींच्या जातीने खाल्लं असेल तर कडा कुरतडलेल्या असतात, जवळून दातांच्या बारीक खुणा दिसतात आणि बरेचदा कवच ओढून कुठल्यातरी आडोशाला नेलेलं असतं. हेजहॉगने (अंगभर काटे असलेला, मुठीएवढा ते नारळाएवढा प्राणी) खाल्लं असेल तर घरट्यातच चुरा आणि पिवळा बलक सांडलेला. कावळा-कुरव (समुद्रकाठचा गल पक्षी) असतील तर चोचीने पाडलेलं भोक, किंवा अंडंच गायब. मुंगसाच्या-स्टोटच्या (थंड देशांतला मुंगसासारखा लांबट, छोटा शिकारी) प्रकारच्या प्राण्यांचे सुळ्यांचे जोडीने पडलेले ठसे कधीकधी मिळतात. पण या खुणा एकमेकांत मिसळतात, एकाने फोडलेलं अंडं दुसरा येऊन चाटून जातो, म्हणून यावरून फक्त अंदाज बांधा आणि कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावा. घरट्यापासून थोडा लांब लावा, नाहीतर कॅमेरा लावायला जाता-येता पडलेल्या तुमच्या वाटेवरूनच शिकारी घरट्यापर्यंत पोचेल.

कॅमेरे कमी असतील तर शाईचा बोगदा लावा, लांबट खोक्यात मधे शाईचा पॅड, दोन्ही बाजूंना कागद, आत थोडं पीनट बटर. कोण आत आलं ते पावलांवरून कळतं. स्वस्त आणि भरवशाचं.

आणखी एक करता येतं आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, थोड्या भागाला कुंपण घालून किंवा तेवढ्याच भागातून प्राणी काढून बघा की तिथे पिल्लं जास्त निघतात का. कुंपणाच्या आत आणि बाहेर फरकच पडत नसेल तर अडचण दुसरी आहे, गवत जास्त कापलं जातंय, पाणी आटतंय, मोकळी कुत्री फिरतायत असं काहीतरी, आणि मग कितीही प्राणी मारले तरी पक्षी वाढणार नाहीत.

एकाला काढलं की दुसरा डोकं वर काढतो

हे लोक फार विसरतात. न्यूझीलंडच्या हाउतुरू म्हणजे लिटल बॅरियर बेटावर मांजरं कुक्स पेट्रेल नावाच्या समुद्रपक्ष्यांना मारायची, 1980 पर्यंत सगळी मांजरं काढली आणि सगळ्यांना वाटलं आता पिल्लं वाढणार, तर झालं उलटंच. मांजरांच्या धाकात असलेले उंदीर मोकाट झाले आणि पेट्रेलची पिल्लं आधीपेक्षा कमी वाचायला लागली. 2004 मध्ये उंदीर काढले तेव्हा कुठे आकडे खरे वर गेले. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर 2000 पर्यंत मांजरं संपवली, त्यातच सशांवर सोडलेल्या रोगाचाही जोर ओसरला आणि ससे इतके वाढले की उतारच्या उतार बोडके झाले, ज्या उंच गवताच्या आडोशाला पक्षी घरटी करायचे तेच गेलं. शेवटी 2011 मध्ये हेलिकॉप्टरने आमिष टाकून ससे, उंदीर (मोठे, इंग्रजीत रॅट) आणि घरउंदीर (छोटे, इंग्रजीत माउस) तिन्ही एकत्र काढावे लागले आणि 2014 मध्ये बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं.

म्हणून कागद घ्या आणि कोण कोणाला खातं ते काढा. ज्याला काढताय तो अजून कोणाला दाबून ठेवतोय का? असेल तर दोघांचं काम एका दमात ठरवा, किंवा ज्या क्रमाने काढल्यावर पक्ष्यांचं कमीत कमी नुकसान होईल तो क्रम पकडा.

संपवणं शक्य आहे का

यासाठी तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही लागतात, दोनांवर भागत नाही. प्रत्येक प्राण्यापर्यंत तुमचा सापळा किंवा आमिष पोचलं पाहिजे, म्हणजे त्याच्या वावरायच्या भागात किमान एक तरी हवाच. जन्मतात त्यापेक्षा वेगाने ते कमी झाले पाहिजेत. आणि बाहेरून नवे यायची वाट बंद पाहिजे. बेटावर तिसरी गोष्ट जमू शकते, मुख्य भूमीवर बहुतेक वेळा जमत नाही, तिथे मग कुंपण घातलेला ठरावीक भाग राखायचा किंवा फक्त घरट्यांच्या हंगामात जोर लावून काम करायचं, आणि हे कायम चालणारं काम आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगायचं.

शेवटचा प्राणी किती दमवतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी मुद्दाम एका उंदराला रेडिओ कॉलर लावून उंदीर नसलेल्या बेटावर सोडलं, सापळे, आमिषं, कुत्री सगळं हाताशी होतं, तरी तो 18 आठवडे सापडला नाही आणि मधे 400 मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला. एक उंदीर! तेव्हा पैशांचा मोठा वाटा शेवटच्या मोजक्या प्राण्यांसाठी राखून ठेवा. सुरुवातीचे ढीगभर सापडतात, फोटो निघतात, सगळे खूश होतात आणि खरं काम सुरू व्हायच्या वेळी निधी संपलेला असतो.

हलवणं कधी खरंच जमतं

स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावर 1974 मध्ये कोणीतरी बागेतल्या गोगलगायी खाव्यात म्हणून मोजके हेजहॉग आणले. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ते हजारोंनी झाले आणि टिटवी, डनलिन, रेडशँक अशा जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी साफ करायला लागले. 2003 मध्ये सरकारी संस्थेने पकडून इंजेक्शनने मारायला सुरुवात केली. प्राणीप्रेमी गट प्रचंड चिडले, त्यांनी जिवंत हेजहॉग आणून देणाऱ्याला बक्षीस लावलं आणि स्वतःच मुख्य भूमीवर नेऊन सोडायला लागले. संस्थेची भीती अशी की नव्या जागी ते उपाशी मरतील, म्हणजे मरण टळत नाही, फक्त लांबतं. ही भीती खोटी नव्हती, पण ती तपासून बघता येत होती आणि तपासली गेली, सोडलेल्या हेजहॉगना ट्रान्समीटर लावून मागोवा घेतला तेव्हा दिसलं की नीट निवडलेले, चांगल्या वजनाचे प्राणी बऱ्यापैकी तगतात. 2007 मध्ये मारणं थांबवलं आणि हलवणं सुरू झालं.

हे इथे का जमलं ते नीट बघा, कारण बाकी ठिकाणी लोक हेच उदाहरण देतात आणि अटी विसरतात. हेजहॉग ब्रिटनच्या मुख्य भूमीवरचाच मूळ प्राणी आहे, तिथे तो कमीच होत चाललाय, म्हणजे नव्या जागी तो कोणाच्या अंगावर संकट म्हणून जात नव्हता. पकडायला सोपा, हाताळायला सोपा, आणि पैसा-माणसं होती.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटाचं. तिथली रानटी झालेली मांजरं 2009-10 मध्ये पकडली आणि 59 मांजरं जंगलात कुठे न सोडता मुख्य भूमीवरच्या बंदिस्त निवाऱ्यात कायमची ठेवली. सापळे मऊ पॅडचे होते आणि त्यांना सिग्नल पाठवणारी यंत्रणा जोडलेली, कारण त्याच बेटावर दुर्मिळ कोल्हे आहेत आणि चुकून कोल्हा अडकला तर लगेच पोचून सोडवायला हवा होता. 2012 मध्ये बेट मांजरमुक्त जाहीर झालं.

तर हलवायच्या आधी स्वतःला विचारा: नव्या जागी हा प्राणी मूळचा आहे का, किंवा त्याला जन्मभर बंदिस्त सांभाळणारं कोणी आहे का? संख्या आवाक्यात आहे का? तपासणी करून रोग-जंत सोबत जाणार नाहीत याची खात्री आहे का? कायदा परवानगी देतो का? ब्रिटनमध्ये अमेरिकेतून आणलेली राखाडी खार किंवा अमेरिकन मिंक (मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी) पकडल्यावर परत सोडणं गुन्हा आहे, आणि असे नियम इतर देशांतही आहेत, तेव्हा "दयेपोटी" सोडलं तरी केस होऊ शकते. आणि सोडल्यानंतर तो जगला की नाही हे बघायला कोणी आहे का? यातल्या एकाचंही उत्तर नाही असं आलं तर हलवू नका. लांब रानात नेऊन सोडून देणं आणि मागे वळून न बघणं याला मी दया म्हणणार नाही. अनोळखी जागेत प्राण्याला पाणी कुठे, लपायचं कुठे, कोण आपल्याला खाणार, काहीच माहीत नसतं, कितीतरी तर परत घराकडे निघतात आणि वाटेत मरतात.

उंदीर, घरउंदीर, मुंगूस यांच्याबाबतीत स्पष्टच सांगते, हलवणं हा पर्याय जवळपास नसतोच. संख्या हजारोंत असते, आणि जिथे सोडाल तिथेही कोणाचीतरी अंडी आहेतच. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर 1979 मध्ये विषारी हाबू सापांना मारतील म्हणून सुमारे 30 मुंगूस सोडले, साप रात्री फिरणारे आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे सापांचं काहीच बिघडलं नाही आणि मुंगसांनी तिथला दुर्मिळ ससा आणि पक्षी खायला घेतले. 2000 च्या सुमारास ते दहा हजारांच्या घरात होते. सापळे आणि वास काढणारी कुत्री घेऊन माणसं वर्षानुवर्षं डोंगर पिंजून काढत राहिली आणि सप्टेंबर 2024 मध्ये मुंगूस संपल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे ओळखीचा आणि लाडका असलेला प्राणी आहे म्हणून वाचताना पोटात कालवतं, पण ते 30 मुंगूस सोडणाऱ्या माणसांच्या निर्णयाची किंमत पुढच्या हजारो मुंगसांनी आणि त्या सशांनी भरली.

नसबंदीबद्दलही लोक विचारतात. नसबंदी केलेलं मांजर जिवंत असेपर्यंत शिकार करतंच. वस्तीतल्या मांजरांची वाढ रोखायला ती चांगली, पण यंदा शेवटच्या शंभर-दीडशे पक्ष्यांची पिल्लं वाचवायची असतील तर तेवढा वेळ तुमच्याकडे नाही.

मारायचंच ठरलं तर

मग ते नीट करा. जो प्राणी मरणार आहे त्याला कमीत कमी वेदना आणि कमीत कमी वेळ, ही जबाबदारी आपली.

हंगाम आधी बघा. पिल्लं असलेल्या मादीला मारलं तर बिळात पिल्लं उपाशी मरतात आणि ते कोणाला दिसतही नाही. म्हणून विणीच्या आधी काम सुरू करा. जिवंत पकडणारे सापळे असतील तर प्रत्येक मादीचं पोट बघा, आचळ फुगलेले आणि भोवतीचे केस झडलेले असतील तर ती पाजतेय, अशा वेळी काय करायचं हे पशुवैद्याशी बोलून आधीच लिहून ठेवा, सापळ्यासमोर उभं राहून वाद घालू नका.

जिवंत पकडणारा सापळा रोज सकाळी बघायचाच. न्यूझीलंडच्या कायद्यात तर सूर्योदयानंतर 12 तासांच्या आत तपासायची सक्ती आहे, पण मी म्हणेन उजाडल्या उजाडल्या जा. सापळा सावलीत ठेवा, वर गोणपाट टाका, अंधारात प्राणी शांत राहतो. ज्या दिवशी जायला कोणी नाही त्या दिवशी सापळे बंद करून ठेवा, याला अपवाद नाही.

बुडवून मारणं नको, त्याला वेळ लागतो आणि ते फार यातनांचं असतं. ग्लू ट्रॅप (प्राणी चिकटून बसतो ती पाटी) अजिबात नको. लगेच मारणारे चांगल्या दर्जाचे सापळे, प्रशिक्षित माणसाची अचूक गोळी, पशुवैद्याचं इंजेक्शन, यातलं जे प्राण्याला आणि जागेला लागू ते वापरा. मारणारे सापळे खोक्यात बसवा आणि तोंड एवढंच ठेवा की पक्षी आत शिरणार नाही. ज्या माणसांना हे काम करायचंय त्यांच्याशीही बोलत राहा, रोज सकाळी प्राणी मारून आलेल्या माणसावर त्याचा परिणाम होतो आणि गटात त्याबद्दल कोणी विचारत नाही.

विषाबद्दल सावध. उंदरांसाठी बेटांवर ब्रोडिफॅकमसारखी रक्त गोठू न देणारी विषं वापरतात कारण मोठ्या बेटावर दुसरं काही पोचत नाही, पण त्याने मरायला काही दिवस लागतात, ते वेदनादायक असतं आणि मेलेला उंदीर जो खाईल त्याच्या यकृतात विष जातं. अलास्काच्या रॅट बेटावर 2008 मध्ये आमिष टाकल्यावर उंदीर गेले, पक्षी पुढे परतलेही, पण 46 बॉल्ड ईगल जातीचे गरुड आणि 320 कुरव मेलेले सापडले. याच्या उलट ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर 2019 च्या मोहिमेआधी तिथल्या दुर्मिळ वुडहेन पक्ष्यांपैकी बहुतेक पकडून पिंजऱ्यात सुरक्षित ठेवले, विषाचा धोका संपल्यावर सोडले आणि काही वर्षांत त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. बघा, इथे हलवायचं होतं ते पक्ष्यांना! हा पर्याय चर्चेत फार क्वचित येतो. हवेतून विष टाकणं हे सरकारी परवान्याचं आणि तज्ज्ञांचं काम आहे, गटाने हौसेने करायचं नाही.

लोकांशी कधी बोलायचं

पहिला सापळा लावायच्या आधी. लपवून केलेलं बाहेर येतंच आणि मग तुमचे खरे आकडेही कोणी ऐकत नाही. इटलीत 1997 मध्ये राखाडी खारींची छोटी वसाहत संपवायचा प्रयोग प्राणीहक्क गटांनी कोर्टात नेला, काम थांबलं, निकाल लागेपर्यंत काही वर्षं गेली आणि तोवर खारी इतक्या पसरल्या की संपवणं हाताबाहेर गेलं. दोन्ही बाजूंच्या लोकांना खारींचं भलंच हवं होतं, पण वाट बघण्याची किंमत तिथल्या मूळच्या लाल खारींनी दिली.

विरोध करणाऱ्यांना आकडे दाखवा, कॅमेऱ्यातले व्हिडिओ दाखवा आणि त्यांच्यातल्या कोणालातरी मारण्याच्या पद्धतीवर देखरेख ठेवायला बोलवा. उइस्टमध्ये त्यांच्या हट्टामुळेच चांगला मार्ग सापडला हे लक्षात ठेवा. पाळीव मांजरं असतील तर मोहिमेआधी सगळ्यांची नोंद, मायक्रोचिप आणि नसबंदी करून घ्या, नाहीतर कोणाचं तरी घरचं मांजर सापळ्यात जाईल आणि गाव कायमचं तुमच्या विरोधात.

संपलं म्हणायच्या आधी

शेवटचा सापडल्यावर लगेच जाहीर करू नका. उंदरांसाठी साधारण दोन वर्षं, म्हणजे विणीचे दोन हंगाम, शाईचे बोगदे, कॅमेरे आणि वास घेणारी कुत्री लावून शोधत राहायचं. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या गॉफ बेटावर घरउंदीर अल्बट्रॉसची जिवंत पिल्लं रात्री-रात्री कुरतडून खातात, तिथे 2021 मध्ये प्रचंड तयारीने मोहीम झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक घरउंदीर दिसला, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. लॉर्ड हाउवर 2021 मध्ये उंदरांचा एक नर आणि एक गाभण मादी सापडली, पण तिथे शोधणारी यंत्रणा चालू होती म्हणून मागावर लगेच माणसं आणि कुत्री गेली आणि पसरायच्या आत आवरता आलं.

त्यामुळे बोटीतून येणारं सामान, धान्याची पोती, बांधकामाचं लाकूड तपासायची सोय मोहीम सुरू व्हायच्या आधीच उभी करा आणि ती कोण चालवणार त्याचं नाव आणि पगार बजेटमध्ये लिहा. सोबत पक्ष्यांची मोजणी चालू ठेवा, किती अंडी, किती पिल्लं उडाली, दरवर्षी त्याच पद्धतीने, त्याच जागी. दोन-तीन हंगामांनंतरही उडणाऱ्या पिल्लांचा आकडा हलत नसेल तर सापळे थांबवा आणि परत कॅमेऱ्यांकडे जा, घरट्याशी दुसरंच कोणीतरी येत असणार.